मामाच्या मिठागरातलं मीठ आणि मृणालीच्या हिरड्या

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
मृणालीनं दात घासले आणि बेसिनमध्ये रक्त. थोडंच, पण लाल. आईला दिसायला नको म्हणून नळ सोडून ठेवला. बायकोला पाचवा महिना, त्यात रक्त. मी बेसिनची कड धरून उभा राहिलो. भीती नव्हे, उपाशीपोटी होतो.

परिस्थिती हातात घेतली आहे. मी दीड वर्ष डी. फार्म. केलंय. सोडलं ते सरांशी भांडून. डोक्यातलं ज्ञान काही त्यांनी काढून घेतलेलं नाही. निदान: हिरड्या कमजोर. उपाय: मीठ. पेणच्या मामाचं स्वतःचं मिठागर आहे, घरात बरणी भरलेली. रोज दोनदा खडेमीठ चोळायचं. शिवाय उलटी झाली की लगेच ब्रश. पेस्ट लावून मी स्वतः दारात उभा राहणार.

आठ दिवसांत हिरड्या ठणठणीत.

५ नोव्हेंबर, बुधवार
झोंबतं म्हणाली. म्हटलं, झोंबतं म्हणजे लागू पडतंय. तिनं नुसतं पाहिलं. लग्नाआधी मी तिच्या भावाच्या बाइकची चावी खाडीत फेकली, तेव्हा असंच पाहिलं होतं. खरं तर कॉलेज त्या नजरेपायीच सुटलं. सर निमित्त.

दातांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. साफ नाही म्हटलं. गरोदर बाईच्या दातांना हात लावत नाहीत, ही सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट. आईनंही सांगितलं, की पोर आईचा एक दात नेतंच. माझा गेला तुझ्या वेळेला, मी काय मेली न्हाय. आणि ओठ वर करून दाखवलं. आईच्या तोंडातली ती रिकामी जागा बावीस वर्षं बघतोय. ती मी आहे हे आज कळलं.

दुपारी मृणालीबरोबर मऊ भात खाल्ला. तिच्यासाठी मी कडक सगळं सोडलंय. चिक्की, सुके बोंबील, सुपारी. उजव्या बाजूनं चावणंसुद्धा. प्रेम म्हणतात ते हेच.

८ नोव्हेंबर, शनिवार
बीचवर गिऱ्हाइकाशी भांडलो. बनाना बोटीवर बसून तो सारखा हसत होता, दात पांढरेशुभ्र. मोरूशेठनं घरी पाठवलं. बोटी त्याच्या आहेत म्हणून ऐकून घेतलं.

घरी आलो तर मृणाली आरशासमोर. हिरडीवर गाठ. वाटाण्याएवढी, लालभडक. तिनं बोट लावलं, रक्त आलं.

मोबाइलवर शोधलं. शोधायला नको होतं.

पालीच्या गणपतीला नवस बोललो: तिला बरं वाटू दे, मी चिक्की सोडतो. मग आठवलं, ती आधीच सोडली आहे.  

१० नोव्हेंबर, सोमवार
आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या कल्पिताताई वजन बघायला आल्या. मृणालीनं सरळ तोंड उघडून दाखवलं. मिठाचंही सांगितलं. मीठ चोळायला कुणी सांगितलं, असं ताईंनी विचारलं. मी बरणी ओट्याखाली सरकवली.

बरंच बोलल्या. खडेमिठानं हिरडी सोलते. उलटीच्या आंबटपणानं दात मऊ पडतात, तेव्हा आधी साध्या पाण्यानं चूळ, ब्रश अर्ध्या तासानं. आणि पाचवा महिना दाताच्या डॉक्टरकडे जायला चांगला. जाण्यात धोका नाही, न जाण्यात आहे. हिरड्यांचा आजार वाढला तर बाळ वेळेआधी होण्याची भीती वाढते.

वेळेआधी. पुढचं ऐकू आलं नाही.

जाताना विचारलं, तू डॉक्टर कवा झालास रे प्रज्योत. म्हटलं, दीड वर्ष शिकलोय. म्हणाल्या, मंग दीड वर्षाचंच पोर हायस.

ओट्याखालची बरणी काढून माळ्यावर टाकली.  सात दिवस तिला मीठ चोळायला लावलं मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
परवानगी दिली. अट एकच: डॉक्टर बाई पाहिजे. परक्या पुरुषानं माझ्या बायकोच्या तोंडात बोटं घातलेली चालणार नाहीत. या पट्ट्यात अशी बाई सापडणं कठीण. वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

संध्याकाळी ६. सापडली. रेवदंड्याला डॉ. आतिफा. शुक्रवारची वेळ घेऊनसुद्धा झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी
आज पूर्ण वेळ तिचा हात हातात. ही बाळंतपणाची तालीम. तेव्हाही मी आत थांबणार, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तोच दिवस, दुपारी
दवाखान्यात लवंगेचा वास. डॉक्टरबाईंनी सांगितलं की या दिवसांत हिरड्या सुजतातच, त्यात दातांवर कीटण बसलंय, ते काढू. गाठ साधी आहे, बहुतेक बाळंतपणानंतर आपोआप जाते. मी स्पष्ट बजावलं, की हिच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते मशीन राहणार नाही. बरं म्हणाल्या, त्या स्टुलावर बसा. मशीन सुरू झालं.

पुढचं मृणालीनं सांगितलं.

मी फरशीवर होतो. तिचे दात साफ करून झाले होते आणि ती मला फाइलनं वारा घालत होती. माझं तोंड उघडंच पडलेलं, म्हणून डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून पाहिलं. उजवीकडची खालची दाढ पोकळ. मी डोळे उघडल्यावर, किती महिने दुखतेय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आत्ता काढता येणार नाही, घरात गरोदरपण आहे.

त्या म्हणाल्या, यांना पाचवा. तुम्हाला कितवा?

२० नोव्हेंबर, गुरुवार
मृणालीच्या ब्रशला तीन दिवस रक्त नाही. गाठही लहान वाटते. आज तिनं पेरू खाल्ला, कराकरा. मी ऐकत बसलो. इतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही.

माझी दाढ काढली. स्टुलावर ती बसली होती, माझा हात धरून. तिच्या मनगटावर माझी चार नखं उठली आहेत.

घरी आईनं कागदात बांधलेली दाढ उघडून बघितली आणि म्हणाली, पोरानं दात नेलाच, फक्त घर चुकलं. मग हळूच मृणालीला विचारलं, ती डॉक्टरीन म्हाताऱ्यांचे दात बघते काय.

मृणालीनं हां म्हटलं आणि लगेच पुढचंही ठरवून टाकलं: बाळंतपणाला आई आत येतील. प्रज्योत, तू बाहेर थांब. मोरूशेठला बोलवून ठेव, तुला धरायला.

मला खूप बोलायचं होतं. तोंडात कापूस होता, तासभर दाबून ठेवायला सांगितलेला. मान डोलावली.