मंगळ, घरापासून वीस मिनिटांवर

१० जानेवारी
माझी लेक जनेल आज मंगळावर गेली. म्हणजे इथेच ह्यूस्टनमध्ये, अंतराळ केंद्राच्या आवारातल्या एका बंद शेडमध्ये, तीन अनोळखी माणसांबरोबर, वर्षभरासाठी. माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. तालीम म्हणे! ही नीट पार पडली की खऱ्या मंगळावर वस्तीला जाणाऱ्यांच्या यादीत नाव. एकोणचाळीस वर्षांची घोडी झाली, अक्कल नाही.
निश्चय: पंधरा दिवसांत तिला बाहेर काढायचं. दार आतून उघडतं, कधीही सोडून येता येतं. मी स्वतः कागदावर वाचलंय.

११ जानेवारी
फोन नाही. फक्त लेखी निरोप, तोही मुद्दाम अडवून बावीस मिनिटांनी पोचवतात. मंगळ लांब आहे ना! उत्तराला आणखी बावीस. एकतीस वर्षं मी याच केंद्रात टेलिफोन ऑपरेटर होते. कुणालाही ताटकळत ठेवलं नाही. आणि मलाच हे?

१२ जानेवारी, दुपार
तिला फैलावर घेतलं. चव्वेचाळीस मिनिटांत नऊ निरोप. मग पहिल्याचं उत्तर आलं: "ममा, आधी ऐकून तर घे." तोवर मी नवव्या मुद्द्यावर पोचले होते. अशाने भांडण होतं का?

२ फेब्रुवारी
पंधरा दिवस उलटले. शनिवार-रविवार धरायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं.
शेजारचा व्हर्जिल, रिटायर्ड इंजिनियर, कुंपणावरून म्हणतो, "जॉर्जीन, उद्या एखादा धोंडा पृथ्वीवर आदळला तर? कुणीतरी तिकडे असायला हवं."
म्हटलं, "आदळू दे. मी घरीच असेन."
म्हणाला, "आणि जनेल?"
त्याला द्यायला खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, नेले होते. परत आणले.

१९ मार्च
केंद्राला चार पानी पत्र. जिथे हवा नाही, माती विषारी, तिथे लेकरं वाढवणार! इथल्या खाडीतला मासा खाण्यालायक ठेवता आला नाही, आणि निघाले नवा ग्रह मांडायला. एक घर घाण केलं की दुसरं बघायचं, ही खोड आमच्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅन्सेल्मांनी पट्टीने हातावर मारून काढली असती.

६ एप्रिल
उत्तर आलं. "आपल्या उत्साहाबद्दल आभार." सोबत रॉकेटचं स्टिकर.
फेकणार होते. फ्रिजवर लावलंय, पुरावा म्हणून.

४ सप्टेंबर
चक्रीवादळ. उत्तम संधी. निरोप धाडला: "घरात गुडघाभर पाणी. ये." हे खोटं नव्हे. पाणी येऊ शकलं असतं.
तासाभराने दारात केंद्राचा माणूस, गमबूट घालून. अंगणात जेमतेम चिखल. मान हलवून गेला. मग जनेलचा निरोप: "ममा, मी दाराच्या कडीला हात घातला होता. पुन्हा असं करू नकोस."
म्हणजे योजना जवळजवळ यशस्वी.
रात्री झोप नाही. कॉफी जास्त झाली.

१० जानेवारी
सुटली. समारंभ, झेंडे, टाळ्या. वाळली आहे. पत्रकाराने तिला विचारलं, "घरच्यांशी इतक्या उशिराने बोलणं जड गेलं असेल?" मी ताठ बसले. आता सांगेल सगळ्यांना!
जनेल म्हणाली, "उलट. ममाशी बोलताना आयुष्यात पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण झालं."
सगळे हसले. व्हर्जिल सगळ्यांत मोठ्याने. त्याला मीच बोलावलं होतं.
गाडीत तिला सुनवायचे मुद्दे लिहून नेले होते. एकोणीस. पण तीच बोलायला लागली. यादीत नाव आलंय. जायला अजून बरीच वर्षं आहेत. भीती वाटते, म्हणाली. शेडमध्ये तिने मुळे पिकवले, पहिला कुणी खायचा यावरून चौघं भांडले.
मी गाडीतल्या घड्याळाकडे बघत होते. मुद्द्यांचा कागद पर्समध्येच ठेवला. घसा बसला होता.
दारात पोचलो तेव्हा वीसच मिनिटं झाली होती. इंजिन बंद केलं आणि बावीसातली उरलेली दोन मिनिटं तशीच बसून राहिले.