सगळे प्रवासी इलाइतिया

सुवा,
शुक्रवार, जेवणानंतर (ऑफिसात काम नाही असा अर्थ काढू नये)

प्रिय मामेभाऊ आणि कोरो बेटावरच्या समस्त कोंबड्यांचे पालक इलाइतिया यास,

आतेभाऊ वाइसालेचा लांबून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो, मामीचा खोकला थांबला का, आणि कोंबड्यांनी तुला घरातला माणूस म्हणून पत्करलं का, हे सविस्तर कळव. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. (तिकडे रेंज नसते हे मला मान्य आहे. पण ऑफिसातल्या लितियाची आई फोन करते तेव्हा ती बरोब्बर येते, हेही माझ्या कानावर आलंय.) संध्याकाळच्या बोटीवरच्या खलाशाकडे हे पत्र देईन, सोबत यंगोनाच्या मुळ्यांचं एक पुडकं. ते मामीच्या हातात पडू दे. तुझ्या हातात पडलं तर रविवारच्या आत कुटून, पाण्यात कालवून पिऊन टाकशील.

आधीच सांगतो, हे पत्र तुझ्या खुर्चीबद्दल नाही. खुर्ची खिडकीपाशी आहे तशी आहे. पाठीमागे तू लावलेली उशीसुद्धा आहे, फक्त तिच्यावर आता त्या नव्या पोराचा, शाल्वीनचा, डबा असतो. प्रवीणा मॅडम काल म्हणाल्या, "वाइसाले, रिकाम्या खुर्चीची हजेरी मी कुठवर लावू? महिनाअखेरपर्यंत थांबते. मग जाहिरात द्यावी लागेल, माझ्याही वर माणसं आहेत." बाई काही वाईट नाहीत. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डब्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, विचारून सांगतो. तर विचारलं. आता पुढे.

तुला आठवत नसेल तर सांगतो, चूक तुझी आहे. बोटीच्या तिकिटांचा जुना प्रोग्राम तू लिहिलास, वादळात आणि वीज गेलेली असताना चालवलास, त्याच्या पोटात काय आहे ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, सगळं कबूल. पण तो संगणकाच्या नव्या भाषेत पुन्हा लिहायचं मॅडमनी जाहीर केलं, तेव्हा मी तुला नेहमीसारखं म्हटलं की चल थेरड्या, तुला आणि तुझ्या प्रोग्रामला एकाच पेटीत घालून संग्रहालयात पाठवतो. मामे-आतेभावांनी एकमेकांची टर उडवायची आणि चिडायचं नाही, हा आपल्या वाडवडिलांचा कायदा. पण उलट टोला हाणायचा, हेही त्याच कायद्यात आहे. तू म्हणालास, "खरं आहे. या वयात मला नवी भाषा जमायची नाही." आणि रजेचा अर्ज टाकून गावी गेलास. चोपन्न हे काय वय आहे? त्या वयात आपले आजोबा तिसरं लग्न ठरवत होते. उलट टोला न हाणणाऱ्या माणसाला पुढे चिडवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझ्यानंतर शाल्वीन आला. पोरगा नौसोरीचा, हुशार, आणि भाषांच्या बाबतीत अत्यंत चंचल. दर महिन्याला तो नवी भाषा धरतो आणि मागची सोडतो. प्रत्येक भाषेच्या पहिल्या धड्यात स्क्रीनवर 'नमस्कार, जगा' छापायचं असतं, हे तू जाणतोसच. शाल्वीनने जगाला इतक्या भाषांत नमस्कार केलाय की जगाने आता त्याला चहाला बोलवायला हवं. पण नमस्काराच्या पुढे संभाषण जात नाही. शुक्रवारी काम संपल्यावर आम्ही मागच्या खोलीत यंगोनाचं भांडं मध्ये ठेवून बसतो तेव्हा सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतो. शाल्वीनचं म्हणणं, भाषा शिकण्याआधी साधनं नीट लावून घ्यावीत. (स्क्रीनचा रंग काळा ठेवावा की निळसर काळा, यात त्याचा एक आठवडा गेला. अक्षरांच्या वळणात दुसरा.) लितियाचं म्हणणं, पुस्तकं वाचून काही होत नाही, दुसऱ्याचा चालता प्रोग्राम घ्यावा, मोडावा, आणि मालक यायच्या आत जोडावा. हिशेब खात्यातला तो लांब मानेचा माणूस फुकटचं भांडं प्यायला येतो आणि म्हणतो, तुम्ही इंग्रजीच नीट शिका. नारळाची वाटी फिरते, टाळ्या वाजतात, आणि कुणाचंच कुणाला पटत नाही. फार छान असतं. फक्त माझ्या शेजारी बसून मला गाढव म्हणणारं कुणी नसतं. बाकीच्यांना तो हक्क नाही, ते मला काका म्हणतात.

आता मुख्य अनर्थ. नव्या प्रोग्राममध्ये प्रवाशाने काही चुकीचं भरलं की स्क्रीनवर काय दिसावं, ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'कृपया योग्य माहिती भरा' असली वाक्यं लिहायला बसलो की मला झोप येते. म्हणून मी तात्पुरता मजकूर टाकला, नंतर बदलू म्हणून. ('नंतर बदलू' हा आपल्या धंद्यातला सर्वांत जुना प्रोग्राम, आणि तो अजून एकदाही चाललेला नाही.) तात्पुरता मजकूर म्हणजे काय, तर मी तुझ्याशी बोलत बसलो. नाव भरलं नाही तर: 'इलाइतिया, स्वतःचं नावसुद्धा आठवेना? जा, आईला विचारून ये.' सामान जास्त झालं तर: 'इलाइतिया, लग्न करून येतोयस की पळून जातोयस?' परतीची तारीख जाण्याच्या आधीची पडली तर: 'इलाइतिया, दालोच्या कंदाच्या कुजक्या देठा, निघायच्या आधी परत येतोस? बोट आहे की भूत?' खोटं का बोलू, त्या दिवसांत कामावर यायला बरं वाटायचं.

माझं काम तपासायला शाल्वीन होता. त्याने जागोजागी 'इलाइतिया' वाचलं आणि त्याला वाटलं, हे कुठलं तरी नवं साधन असावं. आपल्याला माहीत नाही हे कळलं तर अब्रू जाईल, म्हणून त्याने तोंडातून शब्द न काढता मंजुरी देऊन टाकली. इतकंच नव्हे, लितियाने नंतर सहज विचारलं तर हा म्हणतो कसा, "इलाइतिया ना? भक्कम आहे. पण जरा जुनं झालं, आता फारसं कुणी वापरत नाही." हे ऐकून मी इतका हसलो की मला बाहेर जावं लागलं. बाहेर गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

शुक्रवारी नवा प्रोग्राम सुरू करू नये, बिघडला तर सुट्टी निस्तरण्यात जाते, हे शेंबडं पोरही जाणतं. आम्ही गेल्या शुक्रवारीच केला. शनिवारी चर्चच्या मोठ्या सभेची तिकिटं निघाली. ऑफिसचा फोन थांबेना. नवऱ्या मुलीच्या बापाने चटया आणि गाद्यांचं सामान भरलं, त्याला स्क्रीनने पळून जातोयस का विचारलं. आणि पाद्री सेतारेकींनी, म्हातारा चष्मा विसरून बसला होता, तारखा उलट्या भरल्या. तू तो आवाज ऐकायला हवा होतास. ते रागावले नाहीत, हळू आवाजात म्हणाले, "बाळ, माझा बाप्तिस्मा सेतारेकी नावाने झालाय. हा इलाइतिया कोण, आणि मी कुजलोय हे तुमच्या यंत्राला कुणी सांगितलं?"

सोमवारी मॅडमनी आम्हा दोघांना पाद्रीबाबांकडे माफी मागायला पाठवलं. रीतसर. मी आणि शाल्वीन सुलू नेसून गेलो (शाल्वीनचा वाटेत दोनदा सुटला), यंगोनाचा भारा पुढे ठेवला, मान खाली घालून बसलो. माफीचं भाषण मला करायचं होतं. थोरामोठ्यांपुढे 'तात्पुरता मजकूर' हे कसं सांगायचं? पूर्वजांच्या काळी ही भानगड नव्हती. मी म्हटलं, "महाराज, घरात एक शिवी ठेवली होती, ती अंगणात निघून आली." पाद्रीबाबांनी भारा स्वीकारला, टाळी वाजवली, आणि पुन्हा तोच प्रश्न केला, इलाइतिया कोण?

मग मी सांगितलं. प्रोग्रामचं नाही, तुझंच सांगत गेलो. मला प्रोग्राम लिहायला तू कसा शिकवलास, पहिल्या दिवशी मी सगळ्या बोटींची तिकिटं पुसली तेव्हा साहेबासमोर कसा माझ्या पुढे उभा राहिलास आणि साहेब गेल्यावर कसं मला फाडून खाल्लंस. वहिनी गेल्यावरही तू दुसऱ्याच आठवड्यात कामावर आलास, आणि आता एका प्रोग्रामपायी उठून गेलास. शाल्वीन माझ्याकडे बघत राहिला. त्याला तेव्हा कळलं की इलाइतिया हा माणूस आहे.

पाद्रीबाबांनी वाटी रिकामी केली. मग म्हणाले, "माझाही एक मामेभाऊ होता. तो गेल्यापासून मला कुणी दालोचं देठ म्हटलं नव्हतं. खरं सांगू, बरं वाटलं." आणि वाटी माझ्याकडे सरकवून, "तुझा येणार आहे ना परत?" मी हो म्हटलं. पाद्र्याच्या तोंडावर खोटं बोललोय. ते खरं करणं आता तुझ्याकडे.

तेव्हा ऐक. नवी भाषा काही अवघड नाही. मी पुस्तक आणलंय, भराभर चाललंय. तुझ्यासारख्याला तर हा डाव्या हाताचा मळ. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, दुसऱ्यात राग येतो, मग आपोआप हात चालायला लागतो. मामीला साष्टांग नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझा,
वाइसाले

ता. क. सगळे संदेश बदलले. आता स्क्रीन म्हणते, 'कृपया तारीख तपासा.' लोक तेवढ्याच चुका करतात.

ता. क. २. (शनिवार.) बोटीचं इंजिन बिघडलं, कालची बोट गेलीच नाही. पत्र माझ्याच खिशात आहे, म्हणून पुन्हा वाचलं. 'भराभर चाललंय' हे खोडणार नव्हतो, पण ते खरं नाही. मला ती भाषा येत नाही. तिसऱ्या प्रकरणापाशी बसलोय आणि पुढे काही कळत नाही. शाल्वीन लिहितो, मी मान हलवतो. लितियाला विचारलं तर ती इतक्या आदराने समजावते की समजलं असं सांगून उठावं लागतं. मॅडमना अजून पत्ता नाही. तू घाबरून गेलास, मी घाबरून इथे बसलोय, एवढाच आपल्यात फरक.

ता. क. ३. (सोमवार.) बोट उद्या निघते आणि तिच्यात मी आहे. रजा घेतली, लॅपटॉप घेतला, पुस्तक घेतलं. तेव्हा हे पत्र खलाशाने नाही, मीच तुझ्या हातात दिलंय, आणि तू वाचतोयस तोवर मी समोर धक्क्यावर उभा आहे. खुर्चीचं नंतर बघू. मला एकट्याला शिकता येत नाही रे. वाचून झालं असेल तर वर बघ, आणि तोंडाला येईल ते बोल.