मिस्टर टिल्मन रोज कोसळतात त्याविषयी

ग्रीनव्हिल, मिसिसिपी
रविवार, २३ मे १९६५

आदरणीय ओफिलिया मावशीला तिच्या (एके काळच्या तरी) लाडक्या भाचीचा सप्रेम नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? चर्चचे डीकन परडी अजून प्रार्थनेत घोरतात का? मी खुशाल आहे. तू विचारलं नाहीस म्हणा, पण चार पत्रांना उत्तर नाही, म्हणजे काळजीने तुला लेखणी उचलवत नसणार असं मी धरून चालते.

गायकाच्या मागे उभं राहून ‘ऊ’ म्हणणं हे काही काम नव्हे असं तुला वाटतं. आम्ही तिघी आहोत. मधली लुव्हेनिया, लोक तिलाच बघायला येतात अशी तिची समजूत आहे. डावीकडे अर्लीन, ती बसमध्ये झोपते आणि (माझी शंका आहे) स्टेजवरही. उजवीकडे मी. तिघींचे झगे एकाच मापाचे शिवलेत आणि ते माप तिघींपैकी कुणाचंच नाही. एका बसमध्ये चौदा माणसं, वाद्यं आणि लुव्हेनियाचे केसांचे टोप, त्यामुळे सार्डिनचा डबा उघडला की आतले मासे आमच्याकडे कीव करून बघतात. गोऱ्यांची हॉटेलं आपल्याला, काळ्यांना, घेत नाहीत, म्हणून गावोगावी कुणाकुणाच्या घरी उतरतो. परवाच्या बाईंनी जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना केली की चिकन गार झालं. मला तुझी फार आठवण आली.

आता खरी गोष्ट. आमचे मुख्य गायक मिस्टर टिल्मन शेवटच्या गाण्यात रोज प्रेमभंगाने कोसळतात. आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर, मग ड्रमवाला तीन ठोके देतो आणि ते उठतात. हे मला तालमीत नीट सांगितलं होतं. पण माझ्या पहिल्याच खेळाला ते इतका जीव ओतून गायले की मी सगळं विसरले. आणि मावशी, तुझ्या हाताखाली चर्चच्या नर्समंडळात सात वर्षं काढून मी काय शिकले? गाण्याच्या भरात आत्मा संचारून माणूस पडला की विचार करायचा नाही, धावायचं. मी ‘ऊ’ अर्ध्यावर टाकून धावले. त्यांची कॉलर सैल केली, मान हातावर घेतली, पंखा नव्हता म्हणून ट्रम्पेटवाल्यासमोरचा कागद ओढला (त्यानंतर तो काय वाजवत होता ते त्यालाच ठाऊक) आणि वारा घालायला लागले.

मिस्टर टिल्मन दातांआडून म्हणाले, “अगं ए बाई, मी बरा आहे. जा जागेवर.”

मी म्हटलं, “सगळे असंच म्हणतात. गप पडून राहा.”

सगळं थिएटर उभं राहिलं. बायका रुमाल हलवून रडायला लागल्या. पहिल्या रांगेतल्या दोघी तर खरोखरच कोसळल्या, तेव्हा मी खाली उतरून त्यांनाही वारा घातला. आता माझी गठडी वळणार असं मी समजून चालले होते, पण मॅनेजरने हे रोज करायचं असा हुकूम काढला. तेव्हापासून लुव्हेनिया माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे प्रवास बराच सुखाचा झाला आहे.

सैतानाची गाणी गाणारीने या दारात पाऊल टाकायचं नाही, असं तू म्हणालीस. मला फार राग आला होता. आता राग नाही, घरची आठवण येते. पहिल्या रांगेतल्या त्या दोघींपैकी एक माझा हात सोडेचना, तेव्हा मी तिच्या पाठीवरून तुझ्यासारखाच हात फिरवत होते.

तुझी, मुळीच न सुधारलेली,
वर्निस

ता. क. मॅनेजरने माझ्यासाठी शिवलेला नर्सचा पांढरा पोशाख गुडघ्यांच्या बराच वर येतो. माझा चर्चचा पोशाख तुझ्या कपाटात असेल, तो हवा होता. यावर तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, तेव्हा लिहायची तसदी घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. पोस्टानेही पाठवू नकोस. १२ जूनला, शनिवारी, आमचा खेळ आपल्या मेकनलाच आहे. खेळाला ये असं मी म्हणणार नाही. रविवारी सकाळी पोशाख न्यायला येईन. मी यायला नको असेल तर तो बाहेर ओसरीवर टांगून ठेव, मी आवाज न करता घेऊन जाईन. आत ठेवलास तर दार वाजवीन, आणि स्टेजवर घालण्याआधी तो घालून तुझ्याबरोबर चर्चला येईन.