पापडाच्या पिठाची कमान

अणदूर, चैत्र, फसली १३५२

तीर्थस्वरूप शिवप्पामामांना भाचा आणि जावई अशा दोन्ही नात्यांनी कल्याणप्पाचा शरणार्थ. आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला निवळला का? रुद्रम्मा आपल्याकडं सुखरूप असेलच. (तिच्या रुसण्याबद्दल मी या पत्रात अक्षरही लिहिणार नाही.)

इथल्या महादेवाच्या जुन्या देवळाची कमान दुरुस्त करायचं काम माझ्याकडं आलं, हे आपण जाणताच. हैदराबादचे इंजिनियरसाहेब म्हणाले, जुन्या दगडाला सिमेंट मानवत नाही, चुनाच सुधारून बघा. तेव्हापासून मी चुन्याच्या घाण्यापाशी बसतो. बैल फिरतात, दगडी चाक कुरकुरतं, पांढरी धूळ उन्हात तरंगते आणि माझं मन कुठल्या कुठं जातं. ज्यांनी हे दगड पहिल्यांदा बसवले, त्यांनी चुन्यात काय घातलं असेल? तेही दुपारी असेच चाकाकडं बघत बसत असतील का? (अशा वेळी बैल थांबले तरी मला कळत नाही.) पहिल्या खेपेला गूळ घातला, तो मुंग्यांनी नेला. दुसऱ्या खेपेला देवाचं काम म्हणून अख्ख्या गावानं घरचं दही, तूप, लोणी आणून घाण्यात सोडलं. कुणाकुणाला नको म्हणायचं? तो चुना अजून श्रीखंडासारखा मऊ आहे.

मग बिरदेव गवंडी म्हणाला, "उडीद घाला मालक, लई चिवट व्हतंय." त्याच तंद्रीत मी घरी आलो. बघतो तर ओल्या फडक्याखाली उडदाचा भला मोठा गोळा, कुटून-मळून तयार! मला वाटलं, रुद्रम्मानं न सांगता देवळासाठीच केला. माझे डोळे भरून आले. तो उचलला, पाण्यात कालवून चुन्यात घातला आणि कमान सांधून टाकली. इकडं गल्लीतल्या साऱ्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन पापड लाटायला ओसरीवर जमलेल्या, आणि पीठ कमानीत! चारचौघींत तिची फार शोभा झाली. "आता देवळातच जेवा, तिथंच निजा. मी जाते माहेरी," एवढं बोलून तिनं गाडी जुंपायला लावली.

मामा, परवा वळीव कोसळला. चुना जराही हलला नाही. भिजल्या कमानीला हिंगाचा वास येत होता. त्या वासानं मला घर आठवलं, आणि पाऊस थांबल्यावरही मी तिच्याखाली उभाच राहिलो.

आपला,
कल्याणप्पा

ता. क. इंजिनियरसाहेबांना तो चुना भलताच पसंत पडला आहे. पण पिठात पापडखार किती, तेल किती, हिंग किती, हे एका रुद्रम्मालाच ठाऊक. उरलेलं देऊळ त्यावाचून खोळंबलं आहे. देवाचं काम आहे, तेव्हा तिला लवकर पाठवावं.

पुन्हा ता. क. प्रमाण शेजारच्या चन्नम्मांनी केव्हाच सांगितलं. काम झकास चालू आहे. तरी तिला पाठवा.