मॅटिंगखालची ओल

चाकण, मंगळवार

बाबाले दामिनीचा नमस्कार,

मी बरी आहो, दोन्ही टाइम जेवून राह्यली. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर बोललं का ती आयकते, म्हणून लिहून राह्यली.

कंपनीत बॅटरीवाल्या गाडीचं नवं मॉडेल सुरू झालं. दरवाजे बदलले, रबर बदललं, अन् गाड्या रोज दुप्पट पायजे. गाडीवर पानी सोडून ती गळते का, हे पाह्यचं माह्यं काम. आधी आमी दहा मिनिटं पानी सोडत होतो, आता चारच.

काल गळती तपासायच्या मशीननं एक गाडी पास केली. तुमी नदीवर डोंग्यात कोनाले बसवायच्या आधी तळाले हात फिरवता, तसा म्या गाडीतल्या मॅटिंगखाली हात घातला. बोटं ओली झाली. म्या लाइन थांबवली. सारे माह्याकडेच पाहून राह्यले होते. साहेब म्हणे, "मशीन खोटी अन् तुझी बोटं खरी?" शनिवारी ऑफिसात बोलावलं आहे.

काई होत नाई, काळजी करू नका. फक्त एक लिहा. डोंगा गळते म्हणून तुमी लग्नाचं वऱ्हाड काठावर उतरवलं होतं, तवा गावातले लोकं किती दिवस तुमच्याशी बोलले नाई?

तुमची पोरगी,
दामिनी