आठ माणसांचा तंबू आणि सीलबंद पाकीट

४ मे, सोमवार. संध्याकाळी ७
आजपासून रोजनिशी. कपाटात, कुलपात. शिवाय पानांत एक केस घालून ठेवणार. कोणी चोरून उघडली की केस पडेल आणि चोर सापडेल. केस माझाच. आहेत त्यातला एक दिला.

चोवीस तारखेच्या तळ्याकाठच्या सहलीसाठी तंबू आणला. आठ माणसांचा. आम्ही तिघं, मेहुण्याकडचे चौघं, आठवी जागा सामानाला. दुकानदार फारच गोड बोलत होता. अर्ध्या तासात उभा राहतो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. न विचारता वेळ सांगतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

एक जूनपासून लेक दुसऱ्या शहरात नोकरीला जाणार. पुढे घरी येईल ती रजा मोजून. म्हणून ही सहल माझ्या हातची व्हायला हवी. तिला आठवेल, बाबांनी तंबू ठोकला होता. मेहुण्याने मात्र तळ्याकाठच्या लॉजमध्ये खोल्या धरून ठेवल्या आहेत. दाजी, ताण घेऊ नका म्हणतो. असं म्हणणाऱ्याइतका ताण दुसरं कोणी देत नाही.

हिने तोडगा काढला. रविवारी, सतरा तारखेपर्यंत तंबू उभा राहिला तर तंबू, नाहीतर खोल्या. तेरा दिवस आहेत. मला तेरा मिनिटं पुरतील.

५ मे, मंगळवार
पिशवी हॉलमध्ये उघडली. वीस वर्षं ऑफिसच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेतोय. माल कसा तपासायचा हे मला कोणी शिकवू नये.

पाइप चौदा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्ट्या. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या. तिथेच चोरी पकडली. तंबू वापरलेला आहे! आधीच्या गिऱ्हाइकाने आपल्या सोयीसाठी खुणा केल्या, आणि दुकानदाराने त्या काढायचेही कष्ट घेतले नाहीत. सगळ्या पट्ट्या नखाने सोलल्या. पाकिटात घातल्या, तारीख घातली, सही केली, लाख लावली. पुरावा क्रमांक एक.

मग पाइप उंचीप्रमाणे लावले. स्टोअरचा नियम.

माहितीपत्रक बाजूला ठेवलं. नुसती चित्रं, तीही रंगीत. बालवाडीचा प्रकार. शिवाय चित्रातला माणूस हसतोय. तंबू ठोकताना हसणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

९ मे, शनिवार
इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पहिला प्रयोग. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ दिवसभर खिडकीत असतात. मी त्यांना मनात दुर्बीण म्हणतो. आज खुर्ची ओढून बसले.

तीन तासांनी तंबू एका बाजूने उभा, दुसऱ्या बाजूने झोपलेला. मेहुणा सहज आलो म्हणाला. सहज बिस्किटं खाल्ली, सहज फोटो काढला. लेकीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, हिने तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी पाहिलं.

निष्कर्ष: एक पाइप कमी आहे. चार वेळा मोजले. चारही वेळा चौदाच भरले. म्हणजे मुळात पंधरा असणार.

१० मे, रविवार
दुकानात गेलो. पंधराव्या पाइपाची मागणी केली. दुकानदाराने विचारलं, रंगाला रंग जोडला का. मी नुसता हसलो. मला शब्दात पकडतोय काय? पाकीट खिशात होतं, पण बाहेर काढलं नाही. पुरावा आधी दाखवला की केस पडली.

त्याने आणखी दोनदा रंगांचं काढलं. चोराच्या मनात चांदणं.

१२ मे, मंगळवार. संध्याकाळी ६.३०
गंभीर घडामोडी.

ऑफिसमधून आलो तर ही आणि लेक दोघींच्या चपलांना चिखल. मी दारात दिसताच बोलणं बंद. कुठे गेला होतात, तर म्हणे पाय मोकळे करायला. तंबूच्या पिशवीची चेन टोकापर्यंत लागलेली. माझ्याच्याने ती कधीही लागली नव्हती.

पाइप काढून पाहिले. टोकांना नेलपॉलिशचे ठिपके. गुलाबी, लाल, जांभळे, चंदेरी. सांधे चिकटून बसावेत म्हणून केलेलं काम. माझाच तंबू, माझ्याच घरात! मेहुण्याने बहिणीला आणि भाचीला फितवलं, हे उघड आहे. घर फिरलं की वासेही फिरतात, इथे पाइप फिरले.

थिनर आणून सगळे ठिपके पुसले. डोळे चुरचुरले. कापसाचा बोळा दुसऱ्या पाकिटात. पुरावा क्रमांक दोन. घरात कोणाला काही बोललो नाही. संशयितांना सावध करायचं नसतं.

रोजनिशीतला केस जागेवर. अजून कोणी उघडलेली नाही.

१४ मे, गुरुवार
जिन्यात दुर्बीण भेटले. तुमच्या घरच्यांचं छान जमतंय म्हणाले. आमचं घरात जमतं की नाही याच्याशी यांचा काय संबंध? दुपारी करमणूक होते, असंही म्हणाले. मी फक्त मान हलवली. हेही त्यांच्यातलेच.

केस जागेवर.

१६ मे, शनिवार
उद्याची मुदत. दुसरा प्रयोग, एकट्याने. आतून आधार द्यावा म्हणून आत शिरलो. तंबू अंगावर बसला. दार सापडेना. दुर्बिणींची खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

शेवटी चेन उघडली ती लेकीने. माझ्या केसांतलं गवत काढलं आणि विचारलं, मी मदत करू का. मी नको म्हटलं. मी उद्या पुरावे घेऊन दुकानात जाणार आहे, तू यात पडू नकोस, असंही म्हटलं. तिचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. लहानपणी सायकल शिकवताना ती पडली होती तेव्हा वाटलं होतं, तसंच. पण संशयिताची मदत कशी घ्यायची?

तंबू तसाच पसरून वर आलो. कंबर गेली.

१७ मे, रविवार. सकाळी ७
तंबू उभा आहे.

खिडकीतून पाहिलं, मग खाली जाऊन हात लावून पाहिलं. चौदा पाइपांवर, ताठ, एक सुरकुती नाही. ही आणि लेक शेजारी चहा पीत उभ्या. हात मातीने भरलेले. झाडांना आळी करत होतो म्हणाल्या. मागच्या जागेत झाडं नाहीत, पण म्हटलं, आनंदाच्या दिवशी कशाला उकरून काढायचं.

उभा कसा राहिला याचा विचार केला. कापड नवं असलं की दवाने ताणलं जात असणार. पाया मी काल भक्कम घातला होता, बाकीचं निसर्गाने केलं. ही म्हणाली, उभा राहिला ना, मग तंबूच. भावाला तिथल्या तिथे फोन करून खोल्या सोडायला लावल्या.

मेहुण्याच्या गटात फूट पडलेली दिसते.

२४ मे, रविवार. दुपारी ४. तळ्याकाठी
पोचलो. सूत्रं हाती घेऊन मी सूचना द्यायला सुरुवात केली. लेकीने हातात एक दोरी दिली. "बाबा, ही सगळ्यात महत्त्वाची. काही झालं तरी सोडू नका," म्हणाली. दोन्ही हातांनी धरली. दोरीला अजिबात ताण जाणवत नव्हता. माझी पकडच तशी.

बारा मिनिटांत तंबू उभा. दोघी एकमेकींकडे न बघता पाइप उचलत होत्या. मेहुण्याने विचारलं, एकावरही खूण नाही, मग कुठला कुठे हे कळतं कसं.

लेकीला वाटलं मी लांब आहे. हळूच म्हणाली, "कंपनीच्या पट्ट्या बाबांनी सोलल्या. आम्ही नेलपॉलिश लावलं, तेही त्यांनी पुसलं. मग रोज दुपारी लावून लावून पाठच केलं. लॉजवर गेलो असतो तर ते महिनाभर जेवले नसते."

मी तळ्याकडे बघत राहिलो.

मग मेहुणा इकडे आला, म्हणाला, दाजी, ही दोरी कशाला बांधली आहे. मी पाहिलं. दुसरं टोक गवतात पडलं होतं. लेकीने त्याच्याकडे असं बघितलं की तो बिस्किटं शोधायला गेला.

पाकीट सोबत आणलं होतं, दुकानदारावर तक्रार लिहायला. लाख फोडली. पट्ट्या पुन्हा चिकटत नाहीत, पाहिलं करून.

केस अजून जागेवर आहे. वीस दिवसांत एकदाही कोणी ही वही उघडली नाही. कोणाला वेळच नव्हता.

आत्ता लेक येऊन म्हणाली, बाबा, आता दोरी सोडलीत तरी चालेल. म्हटलं, राहू दे थोडा वेळ. ती शेजारी बसली आहे. एका हाताने लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं.