रिकामं देऊ नये

बाबा,

तुमचं पिस्तूल काल घरी आलं. दादाच्या मुलाच्या नावानं परवाना निघाला, आणि पंचवीस वर्षं ठाण्यात जमा असलेली ती वस्तू तो सही करून घेऊन आला. मी दसऱ्याला माहेरी आले आहे. त्यानं ओसरीवर फडकं सोडलं तेव्हा मी मनात म्हणत होते, गंज चढलेला असू दे, गोळ्यांची चक्री अडकलेली असू दे. कुठलं काय! एक ठिपका नाही. चक्री फिरवली तर तसाच कट्कट् आवाज, तुम्ही कानाशी धरून ऐकायचात तसा. दादा गेला, त्याच्या मागोमाग आई गेली, तुम्ही गेलात, माझे केस पांढरे झाले, आणि ते आपलं काल दुकानातून आणल्यासारखं. तुमची निवड चुकली नाही, बाबा. चुकली असती तर बरं झालं असतं.

अकोल्याच्या त्या दुकानात मी तुमच्यासोबत होते. माझे डोळे आले होते, म्हणून तुम्ही मला डॉक्टरला दाखवायला नेलं होतं. आठ-नऊ वर्षांची असेन. आजोबांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता भिंतीवर टांगल्या जागीच वाळवीनं खाल्ला होता, खाली काढली तर हातात नुसता भुसा आला. तेव्हापासून तुम्हाला लाकडाचा राग. दुकानदारानं हस्तिदंती मुठीचं एक नाजूक पिस्तूल पुढे केलं. तुम्ही ते बोटानं बाजूला सारलं. ‘दाताले चीर पडते, लाकडाले वाळवी लागते. मले निव्वळ पोलाद दाखवा, मुठीसकट.’ तो म्हणाला, ‘साहब, हाथ को भारी पड़ेगा.’ तुम्ही म्हणालात, ‘पडू द्या भारी. माह्या लेकाच्या हाती गेलं पाह्यजे, मंग त्याच्या लेकाच्या.’ मग तुम्ही ते काळं धूड बाजारात बैल पाहावा तसं पाहिलंत. उलटंपालटं केलंत, टिचकी मारलीत, डोळा लावून आतून निरखलंत. मी विचारलं, ‘बाबा, मंग मले काय?’ तुम्ही हसून म्हणालात, ‘तुले लुगडं.’ दुकानदारही हसला. येताना तुम्ही मला बांगड्या घेतल्या. त्यातल्या दोन गाडीतच फुटल्या. मला राग आला होता हे मी आज सांगते आहे, तेव्हा ते मला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं.

आपल्या घरात रिकामं भांडं कुणाला परत जात नसे. शेजारणीची वाटी आली तर आई तिच्यात चिमूटभर साखर नाहीतर मूठभर ज्वारी घालूनच द्यायची. रिकामं देणं म्हणजे दरिद्री देणं. ते तुम्ही पिस्तुलालाही लावलंत. दसऱ्याच्या पूजेत विळे, पाभर, कुऱ्हाड आणि मध्ये पाटावर पिस्तूल. त्याच्या सहा घरांपैकी पाच रिकामी आणि एका घरात काडतूस. आई म्हणायची, ‘वाटीची गोष्ट येगळी. ह्यात साखर नाही घालत तुमी.’ तुम्ही म्हणायचात, ‘रिकाम्या हत्याराची पूजा काय करायची?’ पूजा झाली की तुम्ही स्वतःच्या हातानं ते काडतूस काढून घ्यायचात. इतक्या दसऱ्यांत कधी विसरला नाहीत, म्हणून आम्हीही भ्यायचं विसरलो.

दादा गेला त्या वर्षी तुमचा हात वयानं थरथरायला लागला होता. परवान्यावर दादाचं नाव चढलं होतं, आणि दसऱ्याला चार माणसांसमोर पिस्तूल त्याच्या हाती द्यायचं तुम्ही ठरवलंत. माझं नुकतंच लग्न झालेलं, माझ्या सासरची मंडळी ओसरीवर बसलेली. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. तुम्ही दारात आलात आणि हळू आवाजात म्हणालात, ‘त्याले सांगजो, एक हाये आत. मी काढत नाही. द्यायची वस्तू हाये, रिकामी कशी देऊ? आता पूजा होईस्तोवर मले बोलता येत नाही.’ आणि तुम्ही मौन धरून पाटावर बसलात. मी पुरणाचे हात धुऊन ओसरीवर गेले. दादा पाहुण्यांत रंगात आला होता. मी म्हटलं, ‘दादा, पिस्तुलाचं एक सांगाचं हाये.’ तो माझ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाला, ‘आयका, आता पिस्तुलाचंबी हिलेच समजते! जाय, पुरण पाह्य, करपून राह्यलं.’ सगळे हसले. माझा नवराही हसला. मी पाठ फिरवली. पूजा झाल्यावर तुम्हीच सांगाल, तो स्वतः पाहील, असं काहीतरी मनात असेल. मनात होतं ते खरं म्हणजे एवढंच, की मरू दे, मला काय.

तुम्ही त्याला पिस्तूल दिलंत. त्यानं तुमच्या पाया पडून ते कपाळाला लावलं. लोक सोनं वाटायला उठले. दादा अंगणात गेला आणि धोतराच्या सोग्यानं त्यावरचं हळदकुंकू पुसायला लागला, नळीचं तोंड स्वतःकडे करून. मी चुलीपाशी होते. आवाज ऐकून गडी म्हणाला, ‘कोणी तोटा फोडला.’ मला माहीत होतं तो फटाका नाही. दादाचा मुलगा तेव्हा ओसरीवर रांगत होता.

तेराव्याला तुम्ही मला बोलावून विचारलंत, ‘त्याले सांगतलं होतं ना तू?’ मी म्हटलं, ‘हो.’ नंतर जो येईल त्याला तुम्ही तेच सांगायचात, ‘सांगतलं होतं त्याले. आयकलं नाही त्यानं.’ मला वाटलं, माझ्या एका हो-नं तुमचा भार हलका झाला. झालाही असेल. पण तो भार गेला कुठं? तो दादाच्या नावावर गेला. गावात अजून एखादं पोर हट्टाला पेटलं की त्याचं उदाहरण देतात.

आज दुपारी पुन्हा पूजा मांडली. कुंकू लावायला मला पुढे बसवलं. मी पिस्तुलाला हात लावण्याआधी भाच्याला म्हटलं, ‘आधी उघड, मले दिसू दे.’ त्यानं कुरकुरत उघडलं. पाच घरांतून उजेड दिसला, एकातून दिसला नाही. तो म्हणाला, ‘आत्या, आबाजी ठेवत होते ना एक? आईनं सांगतलं, रिकामं पुजू नये.’ माझ्या हातातली कुंकवाची कोयरी खाली पडली. मी म्हटलं, ‘काढ ते. आत्ता, माह्यासमोर काढ.’ तो हसायला लागला, अगदी दादासारखा. तेव्हा दाराआडून त्याची आई, वहिनी, बोलली. पंचवीस वर्षांत ती माझ्यावर एकदाही आवाज चढवून बोललेली नाही, आजही चढवला नाही. म्हणाली, ‘काढ रे बाबू. तुह्या बापानं आयकलं नाही आत्याबाईचं. तू तरी आयक.’ त्यानं काडतूस काढून माझ्या ओंजळीत टाकलं. ते थंड होतं.

हे सगळं तुम्हाला लिहिते आहे, कारण वहिनीला सांगायला हवं ते मला सांगता येत नाही. कागद तिच्या हाती द्यावा म्हणून दोनदा उठले. ती पोळ्या लाटत होती. हा कागद आता चुलीत जाईल. पुढच्या दसऱ्याला मी असेन की नाही, कोण जाणे; पिस्तूल असेल.

एक राहिलं, बाबा. त्या दिवशी मी पाठ फिरवून आत निघाले, तेव्हा दादाचं हसू थांबलं होतं. त्यानं मागून मला हाक मारली होती, ‘काय सांगत होती वं?’ मला ऐकू आलं होतं. मी वळले नाही.